अक्काला बसवलं डुकरं मारायला

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, दुकानातल्या माणसांजवळ नाही. पिणारे लोक पिऊन तरी ओकतात — मी पीत नाही, त्यामुळे तीही सोय नाही. तुमच्याजवळ बोलतोय, ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर तुमच्यासमोरही मी तोच राहिलो असतो — बहिणीची सेवा करणारा भाऊ. नात्यागोत्यात माझी ख्याती आहे तशी. लग्नाकार्यात म्हाताऱ्या बायका आपापल्या पोरांना माझं उदाहरण देतात. ऐकलं की मी तिथून उठून जातो.

कुठून सुरू करू? खेळापासूनच करतो. तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, एवढंच? थांबा जरा.

नशिराबादला हायवेला लागून ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, तिथं मी काउंटर सांभाळतो. राहायला जळगावात. लागवडीच्या दिवसांत गिऱ्हाइकांची झुंबड, एरवी दुपारभर माशा मारायच्या. त्या माशा मारता मारता मी फोनवर डुकरं मारायला लागलो.

म्हणजे तो ऑनलाइन खेळ असा — तुमचा एक माणूस असतो. माझा होता भालावाला. एक मोठा मुलूख असतो, जंगलं, नद्या, किल्ले, आणि त्यात कुठकुठल्या गावांतल्या लोकांची अशीच माणसं फिरत असतात. तुम्ही जनावरं मारता, तुमच्या माणसाची लेव्हल वाढते, तो ताकदवान होतो. सुरुवातीला काय मजा येते सांगू! पहिल्या दिवशी लेव्हलवर लेव्हल. दुसऱ्या दिवशी नवा भाला. आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागतं. काउंटरमागे बसून पाइपाचे बेंड आणि नळ्या मोजणाऱ्या माणसाला असं वाटणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाही — किंवा कळेलही.

आणि मग तो खेळ आपली खरी जात दाखवतो. पुढची लेव्हल यायला तासाऐवजी दिवस लागतो, मग आठवडा लागतो. आणि करायचं काय? तेच. तेच डुक्कर, तोच भाला, तेच बटण. डुक्कर मरतं, जरा वेळाने त्याच जागी, त्याच दगडाशेजारी तोंड वर करून पुन्हा उभं. पुढच्या जंगलात गेलं की डुकराऐवजी लांडगा, आणि लांडगा म्हणजे काय — करड्या रंगाचं डुक्करच. तुमची ताकद दुप्पट झाली की जनावराचीही दुप्पट. मग वाढलं काय, कपाळ? माणूस नुसता घाण्याला जुंपलेला, आणि घाण्यातून निदान तेल तरी निघतं. मला त्याची किळस यायची. अगदी खरी किळस, शिळ्या कढीसारखी घशाशी येणारी.

मग सोडायचं ना? हेच विचारताय ना? मीही स्वतःला विचारायचो. पण माझी एक टोळी होती त्या खेळात. एक हैदराबादचा, एक पुण्याचा, एक रायपूरचा, आणखी चार-पाच. एकमेकांचं तोंड कधी बघितलं नाही, पण रोज गप्पा. मोठ्या किल्ल्यावर टोळीनं जायचं तर प्रत्येकाची लेव्हल एका पातळीला हवी. ज्याची नाही त्याला हाकलतात. मला हाकलून घ्यायचं नव्हतं. आणि डुकरंही मारायची नव्हती.

तेवढ्यात अक्का आली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धुळ्याजवळच्या खेड्यात दिली आहे. नवरा गेला, मुलगा प्रवीण सुरतेला कामाला, ही एकटी कपाशी आणि मका करते. त्या वर्षी वावरात बांधावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला ऑपरेशन झालं, आणि पुढचं सगळं करायला मी तिला जळगावला घेऊन आलो. हे मात्र मी मनापासून केलं — एवढं खरं आहे. निदान तिच्या हातात फोन देईपर्यंत खरं होतं.

आयुष्यात कधी रिकामी न बसलेली बाई पलंगावर पडली. वैशाली, माझी बायको, तिचं सगळं करायची, पण अक्का छताकडे बघत राहायची. टीव्ही आवडायचा नाही. "बठ्ठी भांडणंच दखाडतस," म्हणायची, सगळी भांडणंच दाखवतात. बसून बसून मेथी निवडायची, नसेल तर निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची.

एका रविवारी मी माझा जुना फोन तिच्या हातात दिला. त्यात माझाच भालावाला उघडून दिला. म्हटलं, अक्का, हे बघ, ही डुकरं मारायची. हे बटण दाबायचं. विरंगुळा होईल तुला.

विरंगुळा! शब्द बघा कसा गुळगुळीत सापडला मला.

अक्काला विरंगुळा झालाच नाही, तिला कामच मिळालं. खेळाच्या सुरुवातीला एक शेतकरी उभा असतो, त्याच्या शेतात डुकरं शिरलेली असतात. आपल्याला ते नुसतं निमित्त. अक्काच्या मक्यात दर साली डुकरं शिरतात. रात्रीतून अख्खं वावर लोळवून जातात. ती त्या चित्रातल्या शेतकऱ्याकडे बघून हळहळली आणि कंबर कसून बसली. लांडग्यांच्या जंगलात जास्त फायदा होता, मी सांगितलंही, पण ती आधी डुकरांचा बंदोबस्त करणार म्हणून हटून बसली. मेलेलं डुक्कर पुन्हा उठलं की तिला वाटायचं आपलाच वार कमी पडला. संध्याकाळी मी घरी आलो की विचारायची, "भाऊ, ह्या डुकरं परत कसा काय ऊठी ऱ्हायनात रे?" मी हसायचो. एकदा म्हणाली, "हाई मका कधी भरत नही का रे?" मी बघितलं — खरंच की. खेळातला मका गुडघ्याएवढा, तेवढाच. मी कधीपासून खेळत होतो, माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी म्हटलं, चित्र आहे ते अक्का, चित्र कसं भरेल? ती पुन्हा बटण दाबायला लागली.

लेव्हल वाढू लागली! दुकानात बसून मी मजेत चहा पितोय आणि तिकडे माझा भालावाला वाढतोय. रात्री जेवण झालं की फोन मी घ्यायचो, टोळीत मिरवायचो. पोरं विचारायची, भाई, इतना टाइम कहाँ से लाता है? मी लिहायचो, मेहनत, भाई, मेहनत.

मेहनत. थू.

वैशाली खूश. "अहो, अक्कांचा जीव रमला हो," म्हणायची. पाचोऱ्याची मावशी बघायला आली, तिला वैशालीने कौतुकाने दाखवलं. मावशी म्हणाली, भाऊ असावा तर असा. मी मान खाली घालून हसलो. तेव्हा मला लाजही वाटली नाही, हेच तर सांगतोय.

आता मुख्य गोष्ट. लांबवत होतो.

अक्काला मी तिची स्वतःची एक बाई पण काढून दिली होती त्या खेळात, वेगळ्या नावाने, म्हणजे माझा माणूस मोकळा नसला तर तिने ती खेळावी. नऊवारी काही मिळाली नाही. हिरवा डगला आणि डोक्यावरून घेतलेलं, अशी एक सापडली. अक्का तिला "मनी बाई", म्हणजे माझी बाई, म्हणायची. आणि मीच एकदा बोलून गेलो होतो की नदीवरचा पूल ओलांडून पुढे गेलं की एक मोठं शहर आहे, तिथं जत्रा भरलेली असते. दिवे, घोडे, पाळणे, नाचगाणी, देशोदेशींची माणसं. अक्काने ते धरून ठेवलं. का नाही धरणार? पलंगावरून मोरीपर्यंत जायला जिला वॉकर आणि वैशाली दोन्ही लागायचे, तिची ती बाई धावत होती, टेकड्या चढत होती. अक्का म्हणाली, भाऊ, तू आणि मी, दोघं जाऊ जत्रेला.

पण पुलापलीकडे तिची बाई टिकणार नव्हती. तिथं जनावरं भारी, आणि तिथं माणूसही माणसाला मारू शकतो. तिच्यासोबत भारी लेव्हलचा कुणीतरी चालायला हवा. मी म्हटलं, माझा माणूस अजून कमी पडतो, अक्का. त्याची लेव्हल वाढव, मग मी तुला घेऊन जातो.

तिने ते सावडीसारखं घेतलं. सावड तुम्हाला माहीत असेल — आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या वावरात. कागद नाही, साक्षीदार नाही. पण खेड्यात माणूस एक वेळ भावकी मोडेल, सावड मोडत नाही. अक्का आयुष्यभर अशीच निंदणी-वेचणी करत आली. तिच्या डोक्यात शंका येण्याचा प्रश्नच नव्हता. आधी भाऊचं वावर, मग आपलं.

आणि खरं काय होतं? माझा माणूस कमी पडत नव्हता. त्याच दिवशी, तिथल्या तिथं, मी तिला पूल ओलांडून नेऊ शकलो असतो. चहा उकळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पोचलो असतो आम्ही. पण जत्रा बघून झाली तर ती पुन्हा डुकरं मारील का? ही शंका होती मला. म्हणून मी तिला सांगत राहिलो — अजून एक लेव्हल. मग अजून एक. "आते मना वावरमा कधी येस?" ती हसत विचारायची, आणि मी म्हणायचो, बस, एवढी एक झाली की. तिचा अंगठा सुजला. वैशाली हळद गरम करून बांधायची. मी म्हटलं, इतकी वर्षं कापूस वेचून वेचून झालं असेल. वैशालीला पटलं. अक्कालाही पटलं! तिने बोट बदललं आणि मारत राहिली.

हे एवढंच असतं तरी पुरे होतं ना? एवढंच नाही.

एका दुपारी दुकान रिकामं होतं आणि टोळीने पुलापलीकडे जमायचं ठरवलं. मी घरी फोन केला, अक्का, आज माझा माणूस मला हवाय, तू तुझी बाई खेळ. ती बरं म्हणाली. तिला काय वाटलं असेल तेव्हा? बहुतेक हेच, की आज भाऊ मोकळा आहे. मी तिथं पोचलो, पोरं जमली, थट्टामस्करी चालू. आणि पुलावरून हिरव्या डगल्यातली एक बाई धावत आली.

ती पूल कशी ओलांडून आली कुणास ठाऊक. किती वेळा मेली असेल वाटेत. ती सरळ माझ्या भालावाल्यासमोर येऊन थांबली. ओळखणारच — त्याच्या अंगावरची चिलखतापासून जोड्यापर्यंत एकेक चीज तिनेच तर मिळवलेली. आणि तिने नमस्कार केला. खेळात एक बटण असतं, दाबलं की माणूस हात जोडतो. मीच शिकवलेलं होतं.

पोरं हसायला लागली. इतक्या कमी लेव्हलची ही कोण आली मरायला? हैदराबादवाल्याने विचारलं, तेरी कोई है क्या?

मी लिहिलं, नहीं यार, पता नहीं कौन है.

आणि लिहून थांबलो नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी भरीला घातलं नव्हतं. आपलं काही नातं नाही हे ठसवायला मी भाला उचलला आणि तिला मारलं. एका वारात. एवढी ताकद होती माझ्या भाल्यात — तिच्याच अंगठ्याची.

ती परत आली. खेळात मेलेला माणूस सुरुवातीच्या गावात पुन्हा उठतो; ती तिथून उठून, पुन्हा पूल ओलांडून, पुन्हा माझ्यासमोर. पुन्हा हात जोडले. मी पुन्हा मारलं. पोरं हसत होती आणि मीही हसण्याची ती पिवळी तोंडं पाठवत होतो. मग ती पुन्हा आली. मी पुन्हा. डुकरासारखं — हो, बोलतोच, अगदी डुकरासारखं. शेवटी ती यायची थांबली. काउंटरवर एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी व्हॉल्व्ह दाखवला.

संध्याकाळी घरी निघालो. काय सांगायचं? रस्ताभर खोटं जुळवत गेलो. घरी पोचलो तर अक्का पलंगावर उठून बसलेली, चेहरा उतरलेला. मला जवळ बोलावलं. वैशालीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बारीक केला.

"भाऊ, आज तुना माणूस तू नही चालाडी ऱ्हायना व्हता ना?"

तो दुपारी मी चालवत नव्हतो ना, असं विचारत होती ती.

"चोर व्हता. कोणी तरी चोरी लयना तुना माणूस. माले समजनंच. मना भाऊ माले मारी का?"

माझा भाऊ मला मारेल का! रागावली नव्हती ती. घाबरली होती, माझ्यासाठी. भाऊची एवढी कमाई चोराने नेली तर? आणि मी — जुळवलेलं एकही खोटं खर्चावं न लागलेला मी — काय म्हणालो माहितीये? म्हणालो, हो अक्का, असे चोर असतात. मीही दुपारपासून त्याच काळजीत आहे.

वर तोंड वाकडं करून उसासाही सोडला. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. देत नाही, ती गोष्ट वेगळी.

एका नावाने एका वेळी एकाच फोनवरून आत जाता येतं, हे तिला ठाऊक होतं. तिने विचार केला आणि म्हणाली, मी दिवसभर आतच बसते, चोर शिरला तर मला बाहेर टाकेल, मला लगेच कळेल, मी त्याला पुन्हा हुसकून लावीन. "मी शे ना आठे. राखण करसू." मक्याची करते तशी राखण. मी म्हटलं, बसशील तर फार बरं होईल, अक्का.

त्या दिवसापासून ती माझा माणूस सोडेना. तिची हिरव्या डगल्याची बाई तिने उघडलीच नाही. जत्रेचं नाव काढलं नाही. चोर मोकाट असताना जत्रा कसली? सकाळी चूळ भरली की फोन हातात. जेवताना डाव्या हाताने. आणि नुसतं बसून काय करायचं म्हणून डुकरं, लांडगे, जे समोर येईल ते. माझी लेव्हल अशी वाढली की टोळीत मी सगळ्यांच्या पुढे. दुपारी किल्ल्यावर जायचं असलं की मी तिला फोन करून सांगायचो, अक्का, जरा वेळ बाहेर ये, मी आत जाऊन कुलूप तपासतो. कुलूप म्हणायचो. ती लगेच बाहेर यायची.

मग तो किल्लाही बघितला. काय होतं आत? एक मोठं डुक्कर. शिंगं असलेलं, आग ओकणारं, पण डुक्करच. मारलं, तर पुढच्या आठवड्यात तिथंच पुन्हा उभं. ज्याच्यासाठी बहिणीला मारलं ते हे. टोळीतली पोरंही एकेक करून पांगली, कुणी निरोपही घेतला नाही.

मी खेळ सोडला. लाज वाटून सोडला असं सांगायला मला फार आवडलं असतं. कंटाळा आला, म्हणून सोडला.

अक्का त्याआधीच धुळ्याकडे परत गेली होती. काठी घेऊन चालते आता. वावर बटाईनं, पिकाच्या वाट्यावर, दिलंय. जाताना फोन मी तिलाच दिला, चार्जर नीट गुंडाळून दिला, आणि वैशालीने साडीचोळी केली. सगळ्या गावाला ती सांगते, भाऊनं पोटच्या पोरासारखं केलं माझं.

खेळ सोडल्याचं मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर विचारील — मग मी कशाची राखण करतेय? आणि त्या प्रश्नाच्या एका टोकाला धरून ओढलं की पुलापर्यंतचं सगळं बाहेर येणार. आणि मी भित्रा आहे. भित्रा हाही फार सभ्य शब्द झाला.

आज सकाळी तिचा फोन आला होता. मी दुकानाचं शटर वर करत होतो. म्हणाली, "भाऊ, आज आखो एक लेव्हल वाढनी. चोर काही ऊना नही."

मी म्हटलं, "बरं झालं, अक्का." आणि दुकान उघडलं.